वजनावरून मोजणी

कणकवली

चि. बाय,

कासार्डे परिसरातल्या खाणींतून निघणारी सिलिका वाळू पाण्याने धुतली की चिकणमाती वाहून जाते आणि दाणे तळाला राहतात. अशा साध्या उपायाने जे वेगळं होतं ते मिश्रण. त्यातलं प्रमाण खाणीगणिक बदलतं. दाणा मात्र कितीही कुटला, चाळला तरी वाळूच राहतो, कारण तो सिलिकॉन डायऑक्साइड या संयुगाचा असतो. त्यातलं सिलिकॉन सुटं करायला विजेच्या भट्टीत कार्बन घालून तापवावं लागतं. सुटलेलं सिलिकॉन कुठल्याही रासायनिक क्रियेने आणखी साध्या पदार्थांत मोडत नाही, म्हणून ते मूलद्रव्य. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ साली हीच कसोटी लावून मूलद्रव्यांची यादी केली. तिच्यात चुना आणि सिलिकाही होती. तोवर ती कुणाला मोडता आली नव्हती, एवढंच.

शुद्ध वाळू कुठलीही असो, ६० ग्रॅममध्ये सिलिकॉन २८ आणि ऑक्सिजन ३२ ग्रॅम भरतो. हा रसायनशास्त्रज्ञ प्रूस्तचा स्थिर प्रमाणाचा नियम. संयुगातलं प्रमाण बदलू शकतं म्हणत बर्तोले हा दुसरा रसायनशास्त्रज्ञ त्याच्याशी अनेक वर्षं भांडला आणि पाठ्यपुस्तकांनी त्याला सरसकट हरलेला ठरवलं. ते तितकंसं खरं नाही. कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात क्रोमाइट सापडतं. त्याचं सूत्र लोखंडाचा १, क्रोमियमचे २ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असं लिहितात. त्या हिशेबाने क्रोमियम वजनाने सुमारे ४६ टक्के हवं. पण निसर्गात लोखंडाच्या जागी मॅग्नेशियम आणि क्रोमियमच्या जागी ॲल्युमिनियम शिरतं, स्फटिकाची ठेवण तीच राहते आणि टक्का बदलतो. खनिजांच्या बाबतीत सूत्र हा आदर्श असतो, प्रत्येक ढेकळाचा दाखला नव्हे.

प्रमाण ठरलेलं का, याचं उत्तर डाल्टनने १८०८ साली मांडलं: पदार्थ अणूंचे असतात आणि संयुगात अणू ठरावीक संख्येने जुळतात. प्रश्न उरतो मोजणीचा. काजूच्या धंद्यात ३२० नंबरचा गर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० नग. एकेक गर न मोजता वजनावरून संख्या कळते. मोल ही कल्पना तशीच. कार्बनचे १२ ग्रॅम, ऑक्सिजन अणूंचे १६ ग्रॅम, कॅल्शियमचे ४० ग्रॅम, प्रत्येकात अणू सारखेच: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, म्हणजे एक मोल. सगळं प्राथमिक रसायनशास्त्र या एका पुलावरून चालतं आणि विद्यार्थी अडतो तोही इथेच.

या मोजणीचं उदाहरण म्हणून चुना घे. कोकण किनाऱ्यावर शिंपले भाजून तो करत. शिंपला बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, एका मोलचं वजन कॅल्शियमचे ४०, कार्बनचे १२ आणि तीन ऑक्सिजन अणूंचे ४८ मिळून १०० ग्रॅम. भट्टीत त्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. वजन घटलेलं दिसतं, पण उडालेला वायू धरला तर बेरीज पुन्हा १०० होते. हा द्रव्य अक्षय्यतेचा नियम. चुन्यावर पाणी ओतलं की तो उकळल्यासारखा तापतो आणि १८ ग्रॅम पाणी घेऊन ७४ ग्रॅमची फक्की होते. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो: ७४ अधिक ४४ म्हणजे ११८, त्यातून १८ ग्रॅम पाणी सुकून जातं आणि भिंतीवर १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट राहतं.

तुझा,
मामा