तंबोऱ्यात टक्

मिरजेच्या सितारमेकर गल्लीतून फोन आला, तेव्हा कॉम्प्युटर बिघडलाय असं कोणी म्हणालंच नाही. "दादा, अब्बांना तंबोऱ्यात टक् असा आवाज येतोय," पलीकडून मुलगा सांगत होता. "मला नाही ऐकू येत. पण ते म्हणतात म्हणजे असणार."

घर तंबोरे बनवणाऱ्यांचं. मुलगा तयार झालेलं प्रत्येक वाद्य रेकॉर्ड करून गिऱ्हाइकाला पाठवतो, शिवाय रियाजासाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे तंबोरे वेगवेगळ्या पट्ट्यांत करून ठेवतो. त्याने आधी माइक बदलला, मग केबल, मग उसनं साउंड कार्ड आणलं. टक् तशीच. त्यातच मशीन आठवड्यातून दोन-तीनदा निळी स्क्रीन दाखवून बंद पडायला लागलं, तेव्हा सांगलीहून मला बोलावलं.

मुलाचे अब्बा, म्हणजे आमचे चाचा, पाटावर बसून तंबोऱ्याच्या घोडीला कानस मारत होते. मी त्यांनाच विचारलं, एकच रेकॉर्डिंग दोनदा फाइल करून घेतलं तर टक् एकाच जागी येते का? ते मान न उचलता म्हणाले, "नाही. सकाळी चौथ्या मिनिटाला होती. संध्याकाळी तीच फाइल परत काढली तर नवव्याला."

माझं अर्धं काम त्यांच्या कानाने तिथेच केलं. माइकने पकडलेली टक् जागा सोडत नाही. जागा बदलणारी टक् मशीनच्या पोटात, फाइल तयार होताना जन्मते. मी मुलाला दुसरा प्रश्न विचारला, तोही नेहमीचाच: हे सुरू व्हायच्या आधी काय बदललंस? दिवाळीत त्याने रॅम वाढवली होती. १६ जीबीच्या दोन स्टिक होत्या, अजून दोन टाकल्या. चारही स्लॉट भरले, ६४ जीबी झाली. विंडोजमध्ये ६४ दिसत होती, म्हणून रॅमवर त्याचा संशयच गेला नाही.

निळ्या स्क्रीनचे त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, हे फार चांगलं केलं. सहा फोटो, पाच वेगवेगळे मजकूर. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव. डिस्क किंवा ड्रायव्हर खराब असला की बहुधा तेच ते रडगाणं पुन्हा पुन्हा येतं. रॅमची गडबड असली की मशीन दर वेळी नवं कारण सांगतं, कारण चुकीचा आकडा कधी कोणाच्या वाट्याला येईल याचा नेम नसतो. मधल्या काळात कोणीतरी दोनदा फॉरमॅट मारून दिलं होतं. आमच्या धंद्यात फॉरमॅट म्हणजे सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत एकच गोळी. रॅम डळमळीत असताना फॉरमॅट मारणं तर आणखी वाईट, नवं विंडोजच त्या डळमळीत रॅममधून डिस्कवर उतरतं.

मशीन दुकानात आणलं. चारही स्टिक काढल्या, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, ब्रशने स्लॉट झाडले, पुन्हा बसवल्या. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बसल्याचा आवाज ऐकला. खोडरबराचा हा विधी भारतभर चालतो आणि गिऱ्हाइकाला त्याने मोठा धीर येतो. कळकट दातांसाठी तो खरंच उपयोगी आहे, पण पुष्कळदा गुण रबराचा नसतो, स्टिक काढून परत नीट बसवण्याचा असतो. कूलरचे स्क्रूही सैल करून तिरपे-तिरपे, समोरासमोरचे आवळले. एका कोपऱ्यात जास्त आवळलेल्या कूलरमुळे दोन स्लॉट मुके झालेले मी पाहिले आहेत.

मग मेमटेस्टचा पेनड्राइव्ह लावला. हा प्रोग्राम विंडोज सुरू व्हायच्या आधीच रॅमचा ताबा घेतो, प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून पाहतो. ६४ जीबीची एक फेरी पुरी व्हायला त्या मशीनवर पाच तासांच्या वर लागत होते. म्हणजे रात्रीचं काम. दुकान बंद करताना लावायचं, सकाळी शटर वर करताना आधी पडद्याचा रंग बघायचा. पहिल्या सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. नऊ. काय लिहिलं होतं आणि काय वाचलं गेलं, यात प्रत्येक ओळीत एकाच बिटाचा फरक.

सोप्या हिशोबाने एक स्टिक खराब. दुसऱ्या रात्री नव्या दोन स्टिक लावल्या: स्वच्छ. तिसऱ्या रात्री जुन्या दोन: स्वच्छ. पुढे एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये, दिवसाउजेडी, गिऱ्हाइकं सांभाळत. सगळं स्वच्छ. चारही स्लॉट चांगले, चारही स्टिक चांगल्या. चौघी एकत्र बसल्या की पुन्हा लाल ओळी.

इथे मला माझी एक जुनी चूक सांगायला हवी. दहा-बारा वर्षांपूर्वी हिशोबाचं काम करणाऱ्या एका ऑफिसचं असंच मशीन आलं होतं, चार स्लॉट भरलेलं. घाई होती. मी चारातली एक स्टिक काढली, मशीन चाललं. बिलावर 'रॅम खराब' लिहिलं, नवी स्टिक विकली, जुनी ड्रॉवरमध्ये टाकली. पंधरा दिवसांत मशीन परत. मग मी एसएमपीएस बदलला. महिनाभराने पुन्हा परत, आणि त्यानंतर ते गिऱ्हाईकच परत आलं नाही. ड्रॉवरमधली ती स्टिक कधीतरी सहज तपासली. ठणठणीत होती. अजून आहे. कोणतीही तीन चालतात आणि चौथी लावली की बिघडतं, तेव्हा त्या चौथीवर आळ घेणं फार सोपं असतं, आणि आळ घेतला की बिलात लिहायला वस्तू मिळते.

म्हणून या वेळी स्टिकच्या आत डोकावलो. चारही एकाच कंपनीच्या, खोक्यावर नंबर एकच, वेग एकच: ३२००. पण विंडोजमधलं एक छोटं टूल रॅमची कुंडली दाखवतं. जुन्या दोन स्टिक डबल रँक निघाल्या, नव्या दोन सिंगल रँक. म्हणजे जुन्यांवर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप, नव्यांवर दुप्पट क्षमतेच्या आठच. वर पत्र्याचं जाकीट असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही. मधल्या तीन वर्षांत कंपनीने आतल्या चिप बदलल्या, वरचा नंबर ठेवला. यात फसवणूक नाही, सगळेच असं करतात. जोडीची रॅम एका खोक्यात विकतात ती याचसाठी. त्या दोघी एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. दोन खोक्यांतल्या चौघी एकमेकींना कधी भेटलेल्याच नसतात.

त्यातून खोक्यावरचा ३२०० हा आकडा तरी कशाचा? स्टिकला एवढा वेग झेपतो, इतकंच तो सांगतो. पण रॅमशी बोलतो तो प्रोसेसर, आणि त्याची मर्यादा त्याच्या बनवणाऱ्याने वेगळी छापलेली असते. हा प्रोसेसर एएमडीचा, रायझन ३००० मालिकेतला. त्याचा तक्ता सांगतो: दोन स्टिकना ३२००, चार सिंगल रँकना २९३३, चार डबल रँकना २६६७. गिऱ्हाईक हा तक्ता वाचत नाही, विकणाराही वाचत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की खोक्यावरचा वेग लागू होतो आणि सगळे खूश. दोन स्टिक असेपर्यंत मुलाचंही तसंच चाललं, तीन वर्षं.

मशीन पोचवायला गेलो तेव्हा चाचांनी विचारलं, "पण चौघी चांगल्या असताना बिघडतं कसं?" मी सांगायला लागलो. रॅम मुळात विसराळू. प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा साठा, तो सारखा गळत असतो, म्हणून सेकंदाच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्यात, ६४ मिलिसेकंदांत, एकूण एक साठा परत भरून घ्यावा लागतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ही कल्पना १९६६ मध्ये सुचली, १९६८ मध्ये पेटंट मिळालं, आणि त्यानंतर सगळं जग या गळक्या भांड्यांवर चाललंय. पण इथे भांड्यांचा दोष नव्हता, वाटेचा होता. प्रोसेसरकडून निघालेली तार बोर्डावर एका स्लॉटला शिवून पुढच्या स्लॉटला जाते. म्हणूनच दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे तारेच्या टोकांना लावायच्या असतात. पुष्कळजण पहिल्या दोनात लावून मोकळे होतात. चारही भरले की एकाच तारेवर दोन बिऱ्हाडं होतात. पाठवलेला इशारा एका दारावर थोडा आपटतो, त्याचा पडसाद मागे येतो आणि मागून येणाऱ्या इशाऱ्यात मिसळतो. ३२०० वेगाला एका बिटाच्या वाट्याला ०.३१ नॅनोसेकंद येतो. तेवढ्यात वीज बोर्डावर जेमतेम पाच सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा वेळात खरा इशारा कोणता आणि पडसाद कोणता, हे ओळखायचं. क्वचित एखादा चुकतो. तोच तुमच्या तंबोऱ्यात टक् म्हणून येतो.

चाचांनी कानस खाली ठेवली. "चौथी तार चढवली की आधीच्या तिन्ही उतरतात," ते म्हणाले. "दांडीवर ताण येतो, ती वाकते किंचित. तारा काय, सगळ्या चांगल्याच असतात."

"हो, पण तुम्ही उतरलेल्या तारा परत चढवता. इथे तसं चढवता येत नाही."

"मग सगळ्यांना खालच्या पट्टीत घ्यायचं."

मी एवढा वेळ बोललो, त्याचं हे उत्तर. आणि मी नेमकं तेच करून आलो होतो. एक्सएमपी बंद केलं, बायोस नवा टाकला, चारही स्टिक २६६६ वर आणल्या. बिटाला ०.३७ नॅनोसेकंद मिळाला. ऐकायला काहीच नाही, पण आधीच्यापेक्षा वीस टक्के जास्त. लागोपाठ तीन रात्री पडदा स्वच्छ. मोह झाला म्हणून मध्ये एकदा २९३३ करून पाहिलं होतं. दोन रात्री स्वच्छ गेल्या, तिसऱ्या पहाटे एक लाल ओळ. एकच. व्होल्टेज थोडं वाढवून ती घालवताही आली असती. रॅमचं, प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं, दोन्ही वाढवतात लोक, आणि स्वतःच्या मशीनवर हौस म्हणून मीही करतो. दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या मशीनवर करत नाही. मे महिन्यात मिरजेतल्या पत्र्याखालच्या खोलीत ते काय करेल, हे माझ्या दुकानातल्या जानेवारीच्या रात्रीत कळत नाही.

मुलगा मात्र हिरमुसला. ३२०० चे पैसे मोजले आणि २६६६ वर चालवायचं? त्याची ही नाराजी मला समजते. मी त्याला त्याचंच काम लावून दाखवलं. बत्तीस जीबी असताना मोठं सेशन उघडलं की डिस्क घरघरायची, आता सगळं रॅममध्येच मावत होतं. वेग उतरवल्याचा फरक त्याला जाणवला नाही. पण त्याला पटलं की नाही, कोण जाणे. पुढचं मशीन घेशील तेव्हा दोनच स्टिक घे, मोठ्या घे, असं सांगून ठेवलं. नव्या डीडीआर५ मध्ये तर ही दरी आणखी रुंद झाली आहे. रायझन ७००० च्या तक्त्यात दोन स्टिकना ५२०० आहे आणि चारांना ३६००. वर ती मशीन पहिल्यांदा चालू करताना रॅमशी सूर जुळवायला काही मिनिटं काळी स्क्रीन घेऊन बसतात. तेवढ्यात माणसं घाबरून बटण दाबतात आणि बोर्ड जळाला म्हणून फोन करतात.

बिलाची पंचाईत झाली. आठ-नऊ रात्री, पण बदललं काहीच नाही. 'काय काम केले' या रकान्यात काय लिहायचं? शेवटी 'रॅम जुळवणी' लिहिलं. मुलाने दोनदा वाचलं. चाचांनी घासाघीस केली नाही. जवारी काढायला गिऱ्हाईक तंबोरा घेऊन येतं, तेव्हाही वाद्यात नवं काही बसत नाही, आणि मजुरी तर लागतेच. कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि २६६६ लिहिलं, म्हणजे पुढचा मिस्त्री एक्सएमपीचं बटण दाबण्याआधी थांबेल. थांबला तर.

मग मुलाने नवं रेकॉर्डिंग लावलं. काळी चारचा तंबोरा, चाळीस मिनिटं. चाचा भिंतीला टेकले, डोळे मिटले. चौथं मिनिट गेलं, नववं गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे आणि मुलगा माझ्याकडे बघत होता. चहा आला, निवला. चाळीस मिनिटं पुरी झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"तेराव्या मिनिटाला पंचम किंचित उतरलाय," ते म्हणाले. "ते मशीनचं नाही. आमचं."