माळ्यावरचं खोकं

परवा शनिवारी माळा आवरायला काढला. (आईच्या धमकीमुळे. स्वतःहून असली कामं मी करत नाही :) ) एका खोक्यात दादाच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या, बँडच्या सीड्या सापडल्या. चांगल्या साठ-सत्तर. त्याच्या घरी जागा नाही, म्हणून खोकं आमच्याकडे.

२०११ साली चौघांनी पदरचे पैसे घालून पाच गाण्यांची सीडी काढली होती. नातेवाइकांच्या गळ्यात मारून झाल्यावर दादाने दहा प्रती काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये नेऊन ठेवल्या. तिथल्या सेल्समनने आधी सीडी लावून ऐकली, मग ठेवून घेतली. दहा संपल्या, त्याने अजून दहा मागवल्या. नफा विचाराल तर चौघांचं डोंबिवली ते व्हीटी तिकीट निघालं असेल. पण घेणाऱ्यांपैकी एकाने कव्हरवरच्या पत्त्यावर ई-मेल पाठवली, "गाणी मस्त, पण तुमचा ड्रमर ताल सोडतोय." खरंच सोडत होता बिचारा! सहा महिन्यांत तो ई-मेलवालाच यांचा ड्रमर झाला.

बाबांचंही तसंच. भीमसेनांची कॅसेट आणायला गेले आणि मल्लिकार्जुन मन्सूर घेऊन आले. कारण काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला, "हे न्या साहेब. नाही आवडलं तर मला येऊन सांगा." बाबा पुढच्या महिन्यात गेले... आवडलं हे सांगायला.

आता मी हापिसात काय करतो? तर "तुम्हाला हेही आवडेल" असं सांगणारा कोड लिहितो. हसू नका! आमच्या धंद्यात 'कोल्ड स्टार्ट' नावाचं एक जुनं दुखणं आहे. हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं, यावर आमचा बराचसा खेळ. मग ज्याला अजून कुणी हातच लावलेला नाही, ते कुणाला सुचवायचं? गाण्याचा आवाज तपासून अंदाज बांधता येतो, नाही असं नाही. पण त्या सेल्समनला आकडे लागलेच नाहीत. त्याला कान होते, आणि समोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक दिसत होतं.

स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ मध्ये. त्याच वर्षी दादानेही गाणी सगळ्या अ‍ॅप्सवर चढवली. एका अ‍ॅपवर सगळ्यात गाजलेल्या गाण्याला वर्षभरात ३४० प्ले, त्यातले निम्मे आमच्या घरचे. बाकीचे कोण? कुणीतरी जर्मनीत ऐकतं एवढं कळतं, पण तो ड्रम वाजवतो का हे कळत नाही. स्पॉटिफायचा तर २०२४ पासून नियमच आहे, आधीच्या बारा महिन्यांत हजार प्ले नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टी शून्य. बँड त्याआधीच, २०२१ मध्ये बंद पडला. सगळा दोष दुकानं गेली म्हणून असं नाही हं. लग्नं, ईएमआय, एकाचं ऑनसाइट...

आणि मी तरी कोण शहाणा लागून गेलो? रिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला. होस्टेलच्या लॅनवर चाळीस जीबी गाणी, सगळी फुकटची. बाबा म्हणाले, "चल, शेवटचं जाऊन येऊ." मी म्हटलं, "सबमिशन आहे हो." सबमिशन वगैरे काही नव्हतं. ते एकटेच गेले. काय आणलं हेही मी विचारलं नाही.

असो. खोक्यातली एक सीडी खाली आणली. लॅपटॉपला ड्राइव्हच नाही! रात्री दादाला फोन केला. "अरे, फेकून दे सगळं," म्हणाला. मग जरा थांबून, "तिसरं गाणं ऐक आधी. त्यात नवा ड्रमर नाहीये, समजून घे."

बाबा सध्या त्यांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरची वायर शोधतायत.