शक आणि तशखीस

गॅरेजच्या दुनियेत ‘मिसिंग’ नावाचा एक आजार आहे. कुठल्याही मिस्त्रीला विचारा, हा शब्द ऐकून तो आधी सुस्कारा टाकतो. टायर पंक्चर असेल तर दिसतो, ब्रेक लागत नसेल तर पायाला कळतं, क्लच घसरत असेल तर वास येतो. मिसिंगचं तसं नाही. गाडी चालता चालता मध्येच एक ठोका चुकवते, आचका देते, पिकअप सोडते. मिस्त्रीच्या दारात आणून उभी केली की मात्र इन्स्पेक्शनच्या दिवशी वर्ग शांत बसावा तशी गुपचूप चालते.

पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला तीन गोष्टी वेळेवर लागतात: हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, ते दाबून धरणारं कॉम्प्रेशन आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यातली एक जरी कमी पडली की तेवढा ठोका वाया जातो. हिशेब करून बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा पेट्रोल पेटतं. सिलिंडर चार, म्हणजे ६०००. सेकंदाला शंभर. या शंभरातले चार-पाच चुकले तरी ड्रायव्हरच्या अंगाला कळतं. पण ते का चुकले, हे कळायला कधी कधी महिने जातात.

माझा भाचा अजिंठ्यात जळगाव रोडला गॅरेज चालवतो. फर्दापूरकडून घाट चढून आलेल्या गाड्या आमच्या गावात पोहोचतात तेव्हा तापलेल्या असतात, त्यामुळे घाटाच्या डोक्यावरच्या मिस्त्रीला गिऱ्हाईक कमी पडत नाही. कापसाचे ट्रक, लेणी बघायला आलेल्यांच्या टॅक्सी, शेतकऱ्यांच्या फटफट्या. त्याच्याकडे एके दिवशी चक्क स्पोर्ट्स कार आली. सॅन स्टॉर्म.

तरुण वाचकांनी हे नाव ऐकलं नसेल. ही गाडी परदेशातली नाही, आपल्या शेजारच्या गोव्यातली. सॅन मोटर्सने १९९८ मध्ये ती बाजारात आणली. दोनच सीटा, उघडं छत, फायबरची बॉडी आणि रेनो कंपनीचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद जेमतेम साठ हॉर्सपॉवर, पण गाडी हलकी असल्यामुळे तेवढ्यावर मजेत पळते. थोड्याच बनल्या, त्यातल्या ज्या उरल्या त्या आता हौशी लोकांकडे आहेत. हे मालक शहरातले एक व्यापारी. जुनी गाडी घेऊन त्यांनी ती नव्याने रंगवून घेतली होती. जळगावला सासुरवाडी, म्हणून महिन्यातून एकदा आमच्या गावावरून जाणं-येणं.

पहिल्यांदा आले तेव्हा भाच्याने प्लग आणि प्लगच्या वायरी बदलून दिल्या. दोन आठवडे बरं वाटलं, मग मिसिंग परत सुरू. शहरातल्या एका गॅरेजने इंजेक्टर साफ केले, दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलला, तिसऱ्याने नवी बॅटरी टाकली. पैसे गेले, आजार तिथेच. चौथ्या ठिकाणी कुणीतरी मालकांच्या कानात सांगितलं, ‘तुमची ओरिजिनल कॉइल काढून डुप्लिकेट बसवलेली दिसते.’ झालं. मालकांचा भाच्याला फोन आला. फोनवर जे बोलले ते बोलले, पण पुढच्या फेरीला स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर चार लोकांत बोलले, ते गावभर झालं. त्यात ‘या लोकांचं असंच असतं’ हे एक वाक्य होतं.

ते वाक्य आमच्या ओळखीचं आहे. महाराष्ट्रात गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग, पंक्चर या धंद्यांत आमची पोरं किती आहेत ते सांगायला नको. हातातलं काम हीच त्यांची डिग्री आणि गिऱ्हाइकाचा भरोसा हेच भांडवल. दुकान भाड्याचं असतं, हत्यारं हप्त्यांवरची असतात. एका गावात एकदा ‘पार्ट चोरतो’ म्हणून नाव झालं की दुकान उचलून दुसऱ्या गावी न्यावं लागतं. माझी बहीण दोन दिवस नीट जेवली नाही. मला म्हणाली, ‘भाईजान, तुम मास्टर हो, तुम बैठो उसके पास. बात बढ़ने मत देव.’

म्हणून त्या रविवारी मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. मालक गाडी घेऊन येणार होते. भांडण झालं तर मध्ये पडायचं, एवढीच माझी तयारी. इंजिनातलं मला काही कळत नाही.

भांडण झालंच नाही, कारण भाच्याने भांडायला वेळच दिला नाही. मालक तावातावाने उतरले. त्याने सलाम केला, खुर्ची दिली आणि बोनेट न उघडता विचारायला सुरुवात केली. थंड गाडी करते का गरम? गरमच. सुटल्यावर किती वेळाने? घाट चढून आलो, ट्रकमागे अडकलो की. दिवसा जास्त का रात्री? मालक थोडा विचार करून म्हणाले, रात्री जास्त. सेल्फ कसा घेते? जड घेते, म्हणून तर बॅटरी बदलली. रंगकाम कधी केलं? आठ महिने झाले. मिसिंग कधीपासून? मालक गप्प बसले. मग म्हणाले, सहा-सात महिने असतील.

मी बीएडला होतो तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की मुलाचं चुकलेलं उत्तर खोडण्याआधी तो तिथपर्यंत कसा पोहोचला ते विचारा. वर्गात पन्नास पोरं असली की हे जमत नाही. इथे दहावीनंतर शाळा सोडलेला माझा भाचा ते करत होता.

मग त्याने बोनेट उघडलं आणि पहिल्यांदा कॉइल दाखवली. ‘साहेब, हात लावू नका, नुसतं बघा.’ कॉइलच्या बोल्टांवर रंगाचा बारीक फवारा उडालेला होता. गाडी रंगवताना बोनेटच्या आतही स्प्रे मारला होता, त्याचे शिंतोडे. बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर आलेली रंगाची ती पापडी कुठेच तुटलेली नव्हती. म्हणजे रंगकामानंतर त्या बोल्टाला कुणी पाना लावलेलाच नव्हता. मालकांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघितलं. भाचा त्यावर एक शब्द बोलला नाही. लगेच पुढच्या कामाला लागला. मला वाटतं, त्याचं ते न बोलणं फार मोठं होतं.

चारही प्लग काढून त्याने वर्तमानपत्रावर नंबराने मांडले. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असतील तर हवा जास्त, ओला असेल तर ठिणगीच नाही. चारही प्लग बिस्किटाच्या रंगाचे होते, एकसारखे. म्हणजे एखादा सिलिंडर सारखा आजारी नव्हता. कॉम्प्रेशनचं मीटर लावलं. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले. मग शटर ओढून अंधार केला, इंजिन चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. वायर कुठे फुटली असेल तर अंधारात निळी ठिणगी बाहेर उडते. उडाली नाही.

बघ्यांपैकी एक जण म्हणाला, ‘इथेनॉलचं पेट्रोल, दुसरं काय.’ हल्ली प्रत्येक आजाराला हे एक उत्तर असतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना वीस टक्के इथेनॉल मानवत नाही, ही तक्रार खोटी नाही. त्यात पाणी शिरलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळे बसतात, हेही खरं. म्हणून भाच्याने काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून ठेवलं. अर्ध्या तासाने बघितलं तर थर एकच.

मग तो गाडी जागेवर चालू ठेवून नुसता बसून राहिला. वीस मिनिटं. मालक घड्याळ बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो. इंजिन तापलं, रेडिएटरचा पंखा खर्रकन सुरू झाला आणि त्याच क्षणी इंजिन अडखळलं. भाच्याने पंख्याचं कनेक्शन काढलं, इंजिन सुरळीत. लावलं, पुन्हा अडखळलं. काढलं आणि हेडलाइट लावले, थोडं अडखळलं. पंखा, लाइट, दोन्ही चालू केले तेव्हा तर गाडी थरथरायला लागली. माझ्याकडे बघून हसला. ‘मामू, गर्मी का नहीं, करंट का मामला है.’

घाटात गरम झाल्यावर मिसिंग यायची, म्हणून सगळ्यांनी उष्णतेवर शक घेतला होता. खरं तर उष्णतेने पंखा सुरू व्हायचा आणि पंख्याने वीज खेचली की मिसिंग. रात्री जास्त, कारण रात्री हेडलाइट.

बॅटरीतून निघालेली वीज काम करून परत बॅटरीकडे यावी लागते. पत्र्याच्या गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचा सगळा सांगाडा, लोखंडच लोखंड. फायबरमधून वीज वाहत नाही. त्यामुळे अशा गाडीत परतीची वाट खालच्या चासीतून आणि मोजक्या पट्ट्यांतून जाते. या वाटेला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे ‘साहेब, गाडीला अर्थ मिळत नाही’ हे वाक्य ऐकून मला हसू आलं.

मल्टिमीटरची एक वायर त्याने बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला. दोन्ही टोकं एकाच वाटेची, त्यामुळे मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. फार तर पॉइंट दोन. पंखा आणि लाइट चालू असताना मीटर १.४ व्होल्ट दाखवत होता. म्हणजे वाटेत कुठेतरी वीज अडत होती आणि कॉइल, इंजेक्टर, इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, सगळ्यांना तेवढी कमी पोहोचत होती. खात्रीसाठी त्याने जंपर केबल घेतली आणि बॅटरीचं निगेटिव्ह थेट ब्लॉकला जोडलं. पंखा चालू, लाइट चालू, आणि इंजिन एका लयीत. केबल काढली, पुन्हा आचके. लावली, शांत. हे त्याने तीनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा केबल मालकांच्या हातात देऊन.

गाडीखाली गेल्यावर दुखणं सापडलं. इंजिनपासून चासीला जाणारी जाळीची पट्टी. रंगकामाच्या वेळी चासीला गंजरोधक रंग मारला होता, ती पट्टी त्या रंगावरच आवळून बसवली होती. पुढे पावसाळ्याचं पाणी, गंज. बाहेरून बोल्ट घट्ट, आतून लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, नवी पट्टी टाकली, दुसरी जादा लावली, वरून व्हॅसलीन चोपडलं. सामानाचा खर्च चारशेच्या आत.

आमच्या गावाजवळच्या लेण्यांची एक हकीकत यावरून आठवते. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास लेण्यांतली चित्रं वाचवायला इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी तेव्हा हे काम बघत होते. गळणारा गिलावा त्यांनी मोठ्या कष्टाने धरून ठेवला. पण चित्रांवर जे लाखेचं रोगण दिलं गेलं ते काळाबरोबर पिवळं पडलं, धूळ धरून बसलं, आणि ते उतरवायला पुढच्या पिढ्यांना खपावं लागलं. लाखेच्या रोगणात वाईट हेतू नव्हता. चासीच्या रंगातही नव्हता. पण नवा थर देताना खाली काय झाकलं जातंय, हे बघायचं राहून जातं.

निदानाला उर्दूत तशखीस म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘शख्स’ आहे, म्हणजे व्यक्ती. गर्दीतून नेमकी एक व्यक्ती ओळखून काढणं, ती तशखीस. शकाचं काम याच्या उलटं चालतं. तो व्यक्तीवरून सुरू होतो आणि गर्दीवर जाऊन थांबतो: ‘या लोकांचं असंच असतं.’ मराठीत ‘निदान’चा दुसरा अर्थ ‘कमीत कमी’ असा आहे. निदान विचारा तरी, निदान बघा तरी. एवढं जरी झालं तरी कितीतरी भांडणं टपरीपर्यंत पोहोचणार नाहीत.

मालक गाडी घेऊन घाट उतरले, फर्दापूरहून परत चढून आले, पंखा चालू, भर दुपारी लाइट लावून. उतरले आणि किती झाले विचारलं. माफी वगैरे मागितली नाही. भाच्यानेही ती वाट बघितली नाही. त्याने चार तासांची मजुरी आणि सामान लावलं आणि बिलाच्या मागे तपासलेल्या सगळ्या गोष्टी लिहिल्या: प्लग ठीक, कॉम्प्रेशन ठीक, वायरी ठीक, पेट्रोल ठीक, कॉइल कंपनीची, उघडलेली नाही. मालकांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग स्टँडवर त्याच टपरीवर गेले आणि सगळ्यांना चहा सांगितला. ‘पोरगं हुशार आहे,’ एवढंच म्हणाले. गावाला तेवढं पुरलं. बहिणीलाही.

तेव्हापासून भाचा एक रजिस्टर ठेवतो. गाडी, तक्रार, काय तपासलं, काय निघालं. स्वतःसाठी उर्दूत लिहितो, गिऱ्हाइकाला मराठीत देतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला दर शुक्रवारी ते माझ्याकडे येतं. ‘कॉम्प्रेशन’ तो अजून चुकीचं लिहितो. आकडे मात्र बरोबर असतात.