उंद्रीची रात्र आणि जुनी गाणी

खामगाव सोडून चिखलीच्या वाटेला लागले की पूर्णाकाठची काळी सपाटी हळूहळू मागे पडते. रस्ता चढू लागतो, कपाशीच्या जोडीला सोयाबीन आणि तूर दिसू लागते आणि अजिंठ्याच्या रांगेच्या टेकड्या जवळ येतात. या वाटेवर उंद्री आहे. कागदोपत्री तिला आता उदयनगर म्हणतात, पण एसटीत 'उदयनगर' म्हणून तिकीट मागितले, तर शेजारचा म्हातारा "म्हंजे उंद्रीच ना?" असे विचारून आपली खात्री करून घेतो. नवे नाव चांगलेच आहे. जुने मात्र तोंडात बसलेले आहे.

प्रवासवर्णन लिहावे असे इथे काय आहे, असे वाचक विचारतील. लेणी नाहीत, थंड हवेचे ठिकाण नाही. लोणारचे सरोवर आणि शेगावचे मंदिर याच जिल्ह्यात; प्रवासी तिकडे जातात. मी गेलो तो रेडिओ ऐकायला. पुण्यात आमच्या चहाच्या टेबलावर एक वाद फार दिवस चालला होता : केवळ जुनी गाणी लावणारे केंद्र मिडियम वेव्हवर आजच्या काळात तग धरील की नाही? वाद घालणाऱ्या पाचांपैकी एकाच्याही घरात चालू रेडिओ नव्हता. तेव्हा म्हटले, जिथे रेडिओला अजून काही काम आहे, अशा गावी जाऊन बसावे.

उंद्रीची जागा या दृष्टीने मोठी मौजेची आहे. अकोल्याचे एफएम केंद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरांवर. एफएमची लहर सरळ धावते. टेकडी आडवी आली की तिचे बळ ओसरते आणि एवढ्या अंतरावर ती आधीच थकलेली असते. मिडियम वेव्हची गोष्ट निराळी. ती जमिनीला बिलगून, चढउतार ओलांडत येते. १९७६ साली जळगावचे केंद्र सुरू झाले, ते इथून शंभरेक किलोमीटर. नागपूरचे १९४८ सालचे, ते पावणेतीनशेच्याही पलीकडे. तरी ५८५ किलोहर्ट्झवरचे नागपूर हे वऱ्हाडातल्या कित्येक घरांत घड्याळासारखे होते. बातम्या लागल्या की बैल सोडायचे आणि रात्रीचा कार्यक्रम संपला की कंदील बारीक करायचा.

मी उतरलो होतो त्या घरच्या काकांनी फळीवरून एक जुना सेट काढला. त्याला कातडी कव्हर, कव्हराला टाचणभर भोकांची जाळी, आणि तीन सेल. दिवसा त्यातून जे निघाले त्याला गाणे म्हणणे धाडसाचे होते. सगळी खरखर! दोष मात्र सेटचा नव्हता. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, ही सगळी मंडळी मिडियम वेव्हच्याच पट्ट्यात आपापली भुणभुण सोडत असतात. काका म्हणाले, "थांबा, लाइन जाऊ द्या." मला वाटले थट्टा करताहेत. पण साडेआठाला वीज गेली, अख्खी आळी काळोखात बुडाली आणि सेट असा स्वच्छ बोलू लागला, की जणू कोणी कानातला बोळा काढला! शहरात वीज गेली की आपण महावितरणला बोल लावतो. इथे त्याच मिनिटाला काका खाट अंगणात ओढतात.

रात्रीचा आणखी एक फायदा असतो. दिवसा उन्हाने आकाशातला एक थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून काकांच्या काट्यावर त्या रात्री हिंदी आले, गुजराती आले, कानडी वाटावे असेही काही आले. नागपूरहूनच १८ मे १९८८ पासून एक हजार किलोवॉटच्या प्रचंड प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर चाले. पिकाला पाणी देणारे, चौकीदार, ट्रकवाले यांची ती हक्काची सोबतीण. डिसेंबर २०१८ मध्ये ती बंद झाली. काकांनी तिची जागा काट्यावर अजून बोटाने दाखवली.

आता त्या वादाकडे येतो. जुन्या गाण्याला गिऱ्हाईक नाही, हे साफ खोटे आहे. १९५२ मध्ये केसकर मंत्री झाल्यावर आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावले, तेव्हा सारा देश सिलोनकडे वळला आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत शिरला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. तिचे 'भूले बिसरे गीत' सकाळच्या चहाइतकेच मुरले. आणि २०१७ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीने पाच हजार जुनी गाणी भरलेला, मुद्दाम जुन्या रेडिओसारखा दिसणारा 'कारवां' नावाचा डबा बाजारात आणला, तर मुलांनी आईवडिलांसाठी तो रांगेने विकत घेतला. लोक जुन्या गाण्यांसाठी पैसे मोजतात. मोजतात ते डब्याला. लहरीला कोणी मोजत नाही.

शिवाय जुने गाणे आणि मिडियम वेव्ह यांची जोडी मुळातच जमलेली आहे. आपल्याकडे या पट्ट्यात दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचे अंतर. त्यामुळे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे बारीक स्वर सहसा कापले जातात. आजच्या गाण्याचा त्याने जीव जातो. पण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवरचे गाणे, ज्यात गळा मध्यभागी आणि वाद्ये मागे अंग चोरून बसलेली, ते त्या अरुंद बोळातून जवळजवळ धक्का न लागता बाहेर येते. काकांच्या अंगणात सैगल जसा वाटला, तसा माझ्या महागड्या हेडफोनमध्ये कधी वाटला नाही. (हे पुण्यात सांगितले तेव्हा मंडळी हसली. हसोत बापडी.)

मग अडते कुठे? अडते विजेच्या बिलाशी. नागपूरचा ५८५ वरचा प्रक्षेपक ३०० किलोवॉटचा. नुसत्या लहरीचाच हिशेब धरला तरी तासाला तीनशे युनिटे, पंधरा तासांना साडेचार हजार. यंत्रातली गळती वेगळी. मनोऱ्याला जागा एकरांनी लागते. उलट २८ एप्रिल २०२३ ला देशात एकदम ९१ एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले, ते प्रत्येकी शंभर वॉटचे : दोन पंख्यांइतकी वीज! मात्र त्यांचा पल्ला शहर आणि आसपासची गावे, एवढाच. खाजगी कंपन्यांना आपल्याकडे परवाना मिळतो तो एफएमचा, मिडियम वेव्हचा नाही. आणि मिळाला तरी उंद्रीच्या काकांना काय विकायचे, हे जाहिरातदाराला उमगणार नाही. अमेरिकेतही फोर्ड कंपनीने २०२३ मध्ये नव्या मोटारींतून हा पट्टा काढायचे ठरवले होते. ओरड झाली तेव्हा निर्णय फिरवला.

माझे मत विचाराल तर असे : जाहिरातींवर हे केंद्र जगणार नाही. पण एका मोठ्या प्रक्षेपकावर, फक्त रात्री सात ते बारा, जुनी मराठी-हिंदी गाणी आणि तासातासाला बाजारभाव नि हवामान, एवढे आकाशवाणीने ठेवले, तर खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि लहर सर्वांत लांब पोचते तीही याच वेळी. एसटी उंद्रीला येते ती प्रत्येक फेरीत नफा होतो म्हणून नव्हे.

अडचण एकच उरते, आणि ती मला दुसऱ्या दिवशी खामगावच्या बाजारात कळली. काकांसाठी नवा सेट घ्यावा म्हणून तीन दुकाने पालथी घातली. ब्लूटूथ होते, पेनड्राइव्ह होता, रंगीत दिवे होते. मिडियम वेव्हचा पट्टा एकातही नव्हता. चौथा दुकानदार, पूर्वी दुरुस्तीच करणारा, खाली वाकला आणि धुळीने भरलेला एक खोका वर काढला. किंमत विचारली तर म्हणाला, "न्या भाऊ, जे द्यायचं ते द्या. सेट चांगला हाय, पण ठेसन लागतं का ते तेवढं कळवजा."