झाकण्याआधी

पलूसच्या काळ्या रानात घराचा पाया खणताना पहिला प्रश्न असतो, मुरूम लागला का? ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच फुटिंग टेकवलं तर भिंती तडकतात. पण खड्डा बुजवल्यावर मुरूम लागला होता हे कशावरून सांगणार? हल्ली मी खड्ड्यात मोजमापाचा स्टाफ उभा धरतो आणि टॅबवर फोटो घेतो. तारीख, वेळ, जागा सगळं सोबत नोंदलं जातं.

हा टॅब साइटसाठीचा, रबरी कडांचा, आयपी 67 दर्जाचा. 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही, 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास निभावेल. विकणारा हौसेनं बादलीत बुडवून दाखवतो. सिमेंटमध्ये वावरणाऱ्याला त्या 6 चं मोल जास्त. ऊन मात्र कुठल्याच आकड्याला जुमानत नाही. एप्रिलच्या दुपारी स्लॅबवर उभं राहिलं की पडद्यावर आपलंच तोंड दिसतं आणि टॅब तापून आणखी मंद होतो.

शिवाय मुकादमाची बोटं सिमेंटनं इतकी निबर झालेली असतात की पडदा त्यांना दाद देत नाही. मग ड्रॉइंग मोठं करायचं मीच, बघायचं त्यानं, तेही एक कोपरा. कागद प्लायवर पसरला की फिटर, सेंट्रिंगवाला, गवंडी सगळे वाकतात. कुणीतरी म्हणतो, "सायेब, या बीमच्या सळया त्या कॉलमात बसायच्या न्हाईत." असं टॅबवर पाहून मला अजून कुणी म्हणालेलं नाही. म्हणून कॉलमचा तक्ता मी आजही छापून शेडमध्ये चिकटवतो. ड्रॉइंग बदललं की जुना फाडायचा, एवढा नियम.

नोंदीसाठी मात्र टॅबच. 2019 च्या महापुरानंतर भिलवडी, अंकलखोपकडची माणसं जोत्याची उंची पुराच्या खुणेवरून ठरवतात. रंग दिला की भिंतीवरची खूण जाते, त्यामुळे तीही लेव्हल घेऊन टॅबवर ठेवलेली बरी.

फुटिंगला सळईवर 50 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, स्लॅबला 20, रिंगांमधलं अंतर. काँक्रीट पडलं की यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. घर बांधत असाल तर टॅब कुठल्या कंपनीचा हे विचारू नका. काँक्रीट ओतण्याआधी सळईचे, मोजपट्टी लावलेले फोटो मागा, आणि ते मिळाल्याशिवाय मिक्सर सुरू करू देऊ नका.