पेव, कंदील, धारप

पेव. आमच्या गावी, किन्हीराजात, आता ते उघडलेलं पाहायला मिळत नाही. जमिनीखालचा ज्वारीचा खड्डा. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट मात्र मोठं. आतून शेणमातीचा हात फिरवलेला, कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड आणि दगडाच्या फटीत माती. दगड सरकवला की कोणी लगेच उतरत नसे. आधी वाफ जाऊ द्यायची, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस वरच थांबायचा. खालच्या कोंडलेल्या हवेने माणसं गेलेली होती, म्हणून हा नेम. पुढे ज्वारी मागे पडली, सोयाबीन आलं. ते पोत्यात भरून सरळ बाजाराला जातं. पेवं बुजवली, वर घरं उठली.

‘तुंबाड’ सिनेमात विनायक दोर धरून देवीच्या गर्भात उतरतो, तेव्हा ती जागा मला ओळखीची वाटली. खाली संपत्ती आहे, खाली मरण आहे, आणि उतरायचे नेम ठरलेले आहेत. कणकेची बाहुली, पिठाचं रिंगण. नेम चुकला की संपलं.

वाचनालयाचं पुस्तक. खाकी कव्हर, सुटलेली शिवण, शेवटचं पान कोणीतरी आधीच फाडून नेलेलं. नारायण धारप आम्ही असेच वाचले. ते १९२५ साली जन्मले, २००८ साली गेले, आणि मधल्या काळात त्यांनी मराठी घरांमध्ये जी भीती पेरली तिला तोड नाही. भाड्याचं घर, पगारदार माणूस, संध्याकाळचा चहा. अर्धं पुस्तक होईस्तोवर काही घडत नाही, आणि तरीही परसात जायची छाती होत नाही.

कंदील. भारनियमनाच्या रात्री काच पुसून, वात कातरून लावलेला. आता इन्व्हर्टर आहे.

राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, बीज धारपांच्या कथेचं. ती कथा बर्वेंना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितली होती. मला या साऱ्यात हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. गोष्ट आधी कानावर आली, तीही आपल्या विदर्भातल्या झाडीत. म्हणूनच सिनेमात कथेतलं फार थोडं राहिलं, पण सांगणाऱ्याचा दबका आवाज राहिला.

जागल, पिकाची रात्रीची राखण. ही अजून आहे, कारण रोही आणि रानडुकरं आहेत. पण मचाणावर आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असतो. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा, हे गेलं.

रात्री सापाला साप न म्हणणं. ‘जनावर’ म्हणायचं. सिनेमात देवीच्या शापित पोराचं, हस्तरचं, नाव काढताच घरातली शापित म्हातारी गुमान झोपते, ते आताच्या पोरांना नवलाचं वाटतं. आम्हाला नाही वाटलं.

पाऊस. सिनेमातला पाऊस खरा आहे. त्यासाठी चार पावसाळे चित्रीकरण चाललं. भर दुपारी तो जो मेणचट उजेड पडतो, तो धारपांच्या पानांवरचाच. पण माणसं हिंदी बोलतात. कोकणातला वाडा, ब्राह्मणाचं घर, सोवळं, जानवं आणि तोंडी हिंदी. हे मला अजून टोचतं. धारपांची भीती मराठी वाक्यात, मराठी स्वयंपाकघरात होती.

समर्थ. धारपांचा समर्थ सिनेमात कुठेच नाही. अभद्र उंबऱ्याशी आलं की तो यायचा, सोबती अप्पा जोशींना शेजारी बसवायचा, आणि अभ्यासाच्या, उपासनेच्या बळावर त्याला परतवायचा. त्याच्या भरवशावर आम्ही रात्री दिवा मालवू शकत होतो. ‘तुंबाड’मध्ये असं मधे उभं राहणारं कोणी नाही, म्हणून पहिल्यांदा पाहिला तेव्हा राग आला. पुढे पुन्हा पाहिला आणि शेवटाशी थांबलो. बाप सोनं पुढे करतो, पोरगा ते घेत नाही. ना रिंगण, आधी नकार, मग हस्तरचं नाव आणि आग. समर्थाची जागा त्या पोराने घेतली, असं माझं ठाम मत झालं.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा थेटरांत लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. तेव्हापासून गावातली कॉलेजातली पोरं धारप मागायला येतात. मी आधी ‘लुचाई’ देतो, आणि ती परत आली की समर्थकथा. पानं मोजून घेतो.