स्थावर आणि जंगम

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन वर्ग ज्या शहाण्याने पाडले, त्याला भूगर्भशास्त्राची ओळख नसावी. घर, शेत, मळा हे स्थावर. दागिने, भांडीकुंडी, गुरेढोरे हे जंगम. आमच्या कचेरीत दरवर्षी जानेवारीत अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणपत्रे येतात व ती क्रमवार लावण्याचे काम आम्हांकडे असते. बदलीच्या गावी दिवस काढणाऱ्या माणसाला त्या कागदातल्या एका रकान्याचा केवढा आधार वाटतो! आपण कोठेही भटकत असलो, तरी आपली जमीन मात्र जागची हलत नाही, असे तो समजतो.

परंतु ती हलते. पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. त्याचे सात मोठे आणि अनेक लहान तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. सुमारे शंभर किलोमीटर जाडीचे हे पट्ट खालच्या तप्त खडकावर सरकत असतात. तो खडक घनच खरा, पण लाखो वर्षांच्या हिशेबाने तो दाट चिखलासारखा वाहतो. महासागरांच्या मध्यावर नवा खडक वर येऊन पट्टाला जोडला जातो. दुसरीकडे जुना, थंड व जड झालेला तळ पोटात बुडतो आणि उरलेल्या पट्टाला आपल्यामागे ओढतो. खंडे सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली सांगितले, तेव्हा पुष्कळ पंडितांनी त्याची टर उडविली. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला. समुद्रतळाच्या संशोधनाने त्याचे मुख्य म्हणणे खरे ठरविले, ते १९६० नंतरच्या दशकात.

आपल्या देशाची कथा तर आम्हां बदलीवाल्यांना विशेष जवळची वाटावी. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटलेला हा भूभाग उत्तरेकडे निघाला. वाटेत, साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास, त्यावर लाव्हाचे थरावर थर पसरले. सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच. एके काळी त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहून अधिक होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राचा तळ घड्या पडून हिमालयात उचलला गेला. आपल्या देवघरातला शाळिग्राम नेपाळातील काली गंडकीच्या पात्रातून येतो. त्यातले चक्र म्हणजे त्या समुद्रातल्या एका शंखधारी जिवाचा ठसा होय. एवढे होऊनही हा प्रवास संपलेला नाही. आपली नखे वाढतात साधारण त्याच गतीने आपण आजही उत्तरेकडे सरकत आहोत. हिमालयाच्या पायथ्याशी मात्र खडक एकमेकांत अडकून पडतात, ताण साठत जातो आणि एखाद्या दिवशी तो सुटतो.

सध्या आमचा मुक्काम शिलाँगला आहे. १२ जून १८९७ रोजी येथे असा ताण सुटला आणि गावातल्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाचा तपशीलवार अहवाल लिहिला. सुटे दगड जमिनीवरून वर उडाल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. पण आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती नंतरच्या रहिवाशांची अक्कल. त्यांनी लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या बोरूच्या कुडाच्या लिंपलेल्या भिंती आणि पत्र्याचे हलके छप्पर अशी घरे उभारली. भूपट्टांचे नावही तेव्हा कोणाच्या कानी नव्हते. जमीन पुन्हा हलणार आणि आपल्याला येथेच राहायचे आहे, एवढे दोन्ही त्यांनी मान्य केले. आता त्याच उतारांवर काँक्रीटचे मजले चढताना दिसतात.

हे सारे परप्रांतीचे संकट आहे, असे मानण्यात अर्थ नाही. दख्खन पट्टाच्या काठापासून दूर खरी, पण काठावरचा रेटा आतपर्यंत पोहोचतो आणि जुन्या कमकुवत जागा त्याला बळी पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांना मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या जड माळवदांनी. उन्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी राखले, त्यांनीच घात केला.

निवृत्तीनंतर गावी घर बांधावे, हा बेत आम्हां दूरस्थांपैकी बहुतेकांच्या मनात असतो. भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब त्याच आशेने पुनःपुन्हा तपासला जातो. आमची विनंती एवढीच, की त्या अंदाजपत्रकात चारही भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांतल्या सळया आणि हलके छप्पर आधी धरावे. दिवाणखान्यातली संगमरवरी फरशी पुढे केव्हाही बसविता येईल.